जुन्या मोटारींतील चार्जिंगचे दोष

इंजिन चालू असताना बॅटरीतून खर्च झालेली वीज भरून काढणारी यंत्रणा म्हणजे मोटारीची चार्जिंग व्यवस्था. फॅन बेल्टवर फिरून वीज तयार करणारा डायनॅमो किंवा अल्टरनेटर, त्याचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, बॅटरी आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा एवढाच तिचा पसारा. हिच्यातला दोष कुठेही असला तरी तो उघड होतो बॅटरीत. सकाळी सेल्फ ‘कट्’ असा आवाज करून थांबतो, गाडीला धक्का मारावा लागतो आणि मालक नवी बॅटरी आणतो. महिनाभराने तीही बसते. दुरुस्तीत सर्वाधिक पैसा वाया जातो तो याच गैरसमजापायी.

भारतात ॲम्बॅसडर आणि प्रीमिअर पद्मिनी या दोन्ही गाड्या आधी डायनॅमोच्या व पुढे अल्टरनेटरच्या निघाल्या. दोन्ही यंत्रांचे काम एकच असले तरी स्वभाव निराळा, म्हणून तपासणीही निराळी.

डायनॅमोत आर्मेचर, म्हणजे तारांची गुंडाळी असलेला गाभा, फिरते, त्यात वीज तयार होते आणि कम्युटेटर या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्यावर घासणाऱ्या कार्बनच्या ठोकळ्यांमधून ती बाहेर येते. इंजिन हळू फिरत असेल तर डायनॅमोचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी राहते. अशा वेळी वीज उलटी वाहू नये म्हणून मध्ये कटआउट हा आपोआप जुळणारा-सुटणारा स्विच असतो. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या रेग्युलेटर पेटीत तो साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला जुळतो आणि वेग उतरला की सुटतो. त्यामुळे आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन हळू फिरताना, डायनॅमो बॅटरीला काहीच देत नाही. त्या वेळी डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणला तर तो दोष नव्हे. लुकासच्या सी ४० या प्रचलित डायनॅमोची कमाल क्षमता २२ अँपिअर. ४५ वॉटचे दोन हेडलाइट साडेसात अँपिअर खातात; त्यात टेललाइट, वायपर आणि इग्निशन धरले की बेरीज बारा-तेरावर जाते. पावसाळ्यातल्या रात्री दादरच्या सिग्नलला उभ्या गाडीत हा सगळा खर्च एकट्या बॅटरीवर पडे. सिग्नलला हेडलाइट मालवणाऱ्या जुन्या चालकाला कंजूष म्हणण्याआधी हा हिशेब पाहावा.

तपासणी बॅटरीपासूनच सुरू करावी, पण ती बदलण्यासाठी नव्हे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर चांगल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असते; १२ दाखवत असेल तर ती जवळपास रिकामी आहे. प्रत्येक खान्यात हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी, घालून पाहणे अधिक खात्रीचे. सहाही खान्यांत ॲसिडची घनता सारखीच उतरलेली असेल तर बॅटरी नुसती उपाशी आहे. एकच खाना मागे पडला असेल तर मात्र ती गेली. पाण्याची पातळी वारंवार खाली जाणे, सडक्या अंड्यासारखा वास येणे, दिव्यांचे बल्ब भराभर उडणे ही लक्षणे उलट दिशेची : रेग्युलेटर आवरत नाही, चार्जिंग जास्त होते आहे.

यानंतर बेल्ट. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. आतली बाजू काचेसारखी चकाकत असेल तर नुसता ताणून उपयोग नाही, बदलावाच लागतो.

मग जोड. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त गुन्हेगार इथे सापडतात आणि सर्वांत कमी लोक इथे शोधतात. बॅटरीच्या टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी डोळ्यांना दिसते. ती गरम पाणी आणि खाण्याचा सोडा यांनी धुऊन वर व्हॅसलीन लावले की भागते. परंतु इंजिन आणि बॉडी यांमधली अर्थिंगची विणलेली पट्टी कोणी सोडवून पाहत नाही. कोकणच्या खाऱ्या हवेत ती आतून भुसभुशीत होते आणि वरून शाबूत दिसते. म्हणून डोळ्यांपेक्षा मल्टिमीटर बरा. इंजिन थोडे वाढवून हेडलाइट लावावेत, मीटरची एक सुई बॅटरीच्या अर्थच्या, म्हणजे बॉडीला जोडलेल्या, खांबावर आणि दुसरी डायनॅमोच्या अंगावर टेकवावी. ०.२ व्होल्टहून अधिक आकडा आला, तर तेवढे व्होल्टेज वाटेतल्या गंजात मुरते आहे.

जोड ठीक निघाले तरच डायनॅमोकडे वळावे. त्याची एक जुनी आणि सुंदर चाचणी आहे. डायनॅमोवरच्या डी (वीज बाहेर नेणारी) आणि एफ (फील्डची, म्हणजे चुंबक तयार करणाऱ्या गुंडाळीची) या दोन्ही तारा काढाव्यात, ती दोन टर्मिनले एका तारेने एकमेकांना जोडावीत आणि तिथून बॉडीपर्यंत व्होल्टमीटर लावावा. इंजिनाचा वेग हळूहळू वाढवला की काटा सरळ चढत जायला हवा; २० व्होल्टच्या वर मात्र नेऊ नये. तो चढला तर डायनॅमो निर्दोष आणि दोष रेग्युलेटरच्या पेटीत किंवा तारांत. काटा हललाच नाही तर कार्बन झिजले किंवा अडकले आहेत. अर्ध्या-एक व्होल्टवर थांबला तर फील्डची गुंडाळी आणि चार-पाचवर थांबला तर आर्मेचर संशयित. गाडीतून काही न उतरवता चार निदाने हाती देणारी ही युक्ती अल्टरनेटरला लागू नाही.

कम्युटेटर काळवंडला असेल तर बारीक काचकागदाने साफ करावा. एमरी पेपर वापरू नये, त्याचे वीजवाहक कण तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकतात. पट्ट्यांमधला अभ्रक हॅकसॉच्या तुकड्याने किंचित खाली कोरतात. हे हात बसलेल्या कारागिराचे काम. डायनॅमो उघडून पुन्हा बसवल्यावर बॅटरीच्या अर्थ नसलेल्या बाजूची तार एफ टर्मिनलला क्षणभर टेकवून त्याला पुन्हा ध्रुव द्यावा, म्हणजे त्याच्या चुंबकाची दिशा ठरवून द्यावी लागते. त्या वेळी एफची मूळ तार सुटी ठेवावी. ब्रिटिश घराण्याच्या अनेक जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, तेव्हा आधी खात्री करून घ्यावी.

कटआउटचे टोक चिकटून बसले की इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनॅमोला मोटरसारखी चालवू पाहते. बेल्टमुळे तो फिरत नाही, मग तारा तापतात आणि जळका वास येतो. अशा वेळी निदानात वेळ न घालवता आधी बॅटरीची तार काढावी.

मोटारींसाठी अल्टरनेटर खऱ्या अर्थाने शक्य झाला तो वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या सिलिकॉन डायोडमुळे. अमेरिकेत क्रायसलरने १९६० च्या सुमारास तो सर्वसाधारण गाड्यांत आणला. त्यात तीन फेजची एसी वीज तयार होते आणि सहा डायोड तिची डीसी करतात. तो आयडललाही चार्ज करतो आणि कटआउटची गरजच उरत नाही. चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले की तो निरोगी समजावा. इंजिन बंद, किल्ली चालू असताना लाल दिवा मुळीच पेटला नाही तर आधी तो बल्ब तपासावा. अनेक अल्टरनेटरना पहिली चेतना याच बल्बमधून मिळते. पाच-दहा रुपयांच्या बल्बसाठी अख्खा अल्टरनेटर उतरवल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नवी नाहीत. दिवा सतत मंद जळत राहणे बहुधा बिघडलेल्या डायोडचे लक्षण.

चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल काढून ‘गाडी चालू राहते का’ पाहण्याची पद्धत डायनॅमोच्या काळातली. अल्टरनेटरवर ती करू नये : भार अचानक सुटल्याने व्होल्टेज उसळते आणि धड असलेले डायोडही जातात.

पुष्कळ मालक शेवटी डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवतात. मग मुख्य तार जाड घ्यावी लागते, जुनी रेग्युलेटरची पेटी वगळावी लागते आणि पॉझिटिव्ह अर्थची गाडी निगेटिव्ह करावी लागते. बॉनेट उघडल्यावर गाडी जुनीच दिसावी अशी हौस असणाऱ्यांसाठी ब्रिटनमध्ये डायनॅमोच्या आकाराच्या नळकांड्यात बसवलेले अल्टरनेटरही विकले जातात.