प्रागचे खगोलीय घड्याळ

चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग येथील जुन्या नगरभवनाच्या दक्षिण भिंतीवरील मध्ययुगीन घड्याळ. चेक भाषेत त्यास ‘ओर्लोय’ म्हणतात. याहून जुनी खगोलीय घड्याळे यूरोपात होती. तथापि चालू स्थितीत असलेल्यांत हे सर्वांत जुने मानले जाते. प्रागच्या ऐतिहासिक भागाचा १९९२ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. शहर पाहावयास येणारा प्रवासी किल्ला, चार्ल्स पूल आणि हे घड्याळ सहसा चुकवीत नाही.

कर्तृत्वाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. सोळाव्या शतकात घड्याळाची दुरुस्ती करणारा यान ताबोर्स्की याने आपल्या अहवालात हानुश नावाच्या कारागिराला निर्माता म्हटले. पुढे त्यावर आख्यायिका चढली : असे घड्याळ दुसरीकडे होऊ नये म्हणून नगरश्रेष्ठींनी हानुशचे डोळे काढले आणि त्याने यंत्रात हात घालून ते बंद पाडले. आलोईस यिरासेक यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चेक दंतकथांच्या संग्रहामुळे ही कथा घरोघरी पोहोचली, आणि वाटाडे आजही ती रंगवून सांगतात. मात्र ९ ऑक्टोबर १४१० च्या दस्तऐवजात घड्याळजी म्हणून कादान्यचा मिकुलाश याचे नाव येते. संशोधक झ्देन्येक होर्स्की यांनी हानुशविषयीचा समज जुन्या नोंदी चुकीच्या वाचल्याने झाला असल्याचे दाखविले, आणि ते मत आता बहुमान्य आहे. खगोलगणिताचा भाग प्राग विद्यापीठातील यान शिंडेल याचा असावा. हानुश (यान रूझे) याच्याकडे फार तर १४९० च्या सुमारास जोडलेल्या खालच्या दिनदर्शिका-तबकडीचे श्रेय जाते. तिचा काळही अंदाजानेच सांगतात. वरच्या तबकडीभोवतीचे दगडी कोरीवकाम वास्तुकार पेटर पार्लर याच्या कार्यशाळेशी जोडले जाते. गंमत अशी, की चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७ साली ९ जुलैला ५ वाजून ३१ मिनिटांनी झाली (१३५७९७५३१, कोणत्याही टोकाकडून वाचले तरी तेच आकडे), हा मुहूर्तही होर्स्की यांनीच सुचविला. तो तर्क आहे, पुरावा नव्हे. एक कथा मोडणाऱ्या संशोधकाने वाटाड्यांना दुसरी दिली, असे म्हणता येईल.

वरची तबकडी म्हणजे चालता यंत्रराज (खस्थ गोलांची स्थाने दाखविणारे जुने उपकरण, ॲस्ट्रोलेब). नेहमीच्या यंत्रराजात आकाशाचे प्रक्षेपण (गोल आकाश सपाट तबकडीवर उतरविणे) दक्षिण ध्रुवावरून करतात. येथे ते उत्तर ध्रुवावरून केले आहे. त्यामुळे कर्कवृत्त बाहेर व मकरवृत्त आत येते आणि उन्हाळ्यातला सूर्य दुपारी तबकडीच्या माथ्यावर चढलेला दिसतो. मागे एकाच अक्षावर तीन मोठी चाके आहेत. राशिचक्राच्या चाकाला ३६५, सूर्याच्या ३६६ व चंद्राच्या ३७९ दाते असून तिन्ही एकसारख्या लहान दातेरी चाकांनी फिरतात. सूर्याचे ३६५ फेरे होतात तेव्हा राशिचक्राचे ३६६ होतात. सौर दिन (सूर्याच्या फेऱ्याचा) व नाक्षत्र दिन (ताऱ्यांच्या फेऱ्याचा) यांतील फरक इतक्या साध्या युक्तीने साधला आहे. चंद्राचे गणित तेवढे नेमके नाही. नुसत्या दात्यांवरून हिशेब केल्यास अमावास्या ते अमावास्या २९.१५ दिवस येतात, प्रत्यक्षात ते २९.५३ असतात. चंद्राच्या काट्यावरचा अर्धा रुपेरी, अर्धा काळा गोळा चंद्रकला दाखवितो. त्याच्या आत वजन लावलेला मळसूत्री दांडा असून काट्याच्या प्रत्येक फेऱ्यामागे ५७ दात्यांचे चाक दोन दात्यांनी पुढे सरकते. बाहेरून कोणतीही ओढ नसते; काम गुरुत्वाकर्षणाचेच. ही रचना सामान्यतः सतराव्या शतकातील मानतात.

तबकडीवर कालगणनेच्या तीन पद्धती एकत्र नांदतात. रोमन आकडे नेहमीचे तास दाखवितात. सोनेरी वक्ररेषा सूर्योदय ते सूर्यास्त या काळाचे बारा भाग करतात. हे भाग उन्हाळ्यात मोठे आणि हिवाळ्यात लहान होतात. काळ्या कड्यावरील सोनेरी आकडे जुन्या चेक तासांचे असून ते सूर्यास्तापासून मोजतात (आपल्याकडील घटिका सूर्योदयापासून). सूर्यास्ताची वेळ बदलत असल्याने हे कडे वर्षभर मागेपुढे सरकविले जाते. निळा भाग दिवसाचा, काळा रात्रीचा व तांबूस पट्टा संधिप्रकाशाचा.

दर तासाला सांगाडा घंटा वाजवितो, आरसा घेतलेली गर्विष्ठ व्यक्ती, थैलीवाला कंजूष व तुर्क माना हलवितात, वर दोन खिडक्यांतून बारा प्रेषित (येशूचे शिष्य) सरकत जातात आणि शेवटी कोंबडा आरवतो. गर्दी जमते ती यासाठी. हा देखावा सकाळी ९ ते रात्री ११ पर्यंत चालतो. घड्याळाचा हा भाग मात्र उत्तरकालीन आहे : प्रेषित अठराव्या शतकाच्या अखेरच्या दुरुस्तीत आले, कोंबडा १८६५–६६ मध्ये. तेव्हाच योसेफ मानेस याने दिनदर्शिकेवर बारा महिन्यांतील शेतकामाची चित्रे रंगविली. त्यांचे मूळ आता संग्रहालयात असून भिंतीवर दिसते ती प्रत होय.

मे १९४५ मधील प्राग उठावात जर्मन माऱ्याने नगरभवनास आग लागली. लाकडी प्रेषित जळाले. वोय्तेख सुखार्दा याने नवे कोरले आणि १९४८ मध्ये घड्याळ पुन्हा सुरू झाले. २०१८ च्या दुरुस्तीत विजेवर चालणारी यंत्रणा काढून एकोणिसाव्या शतकातील यांत्रिक यंत्रणा परत बसविण्यात आली.