सुगरणीचे खोपे मोजणं वेगळं, विणी मोजणं वेगळं

पावसाळा सरत आला की दरवर्षी तोच संदेश फिरतो. परसातल्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीचा फोटो आणि खाली मोठ्या कौतुकाने लिहिलेलं, ‘यंदा ४० खोपे, म्हणजे सुगरणीच्या ४० जोड्या!’ फोटो झकास असतो, पण त्यातला ‘म्हणजे’ वाचला की माझं डोकं उठतं.

खोपे मोजायला कुणाला शिकवावं लागत नाही. झाड बहुधा एकच असतं आणि खोपे फांद्यांच्या टोकांना उघड्यावर लोंबत असतात. हंगामात नराचा माथा आणि छाती पिवळीधमक, मादी मळकट, तेव्हा त्यातही गोंधळ नाही. खोपा नर विणतो हेही आता बहुतेकांना ठाऊक आहे. फक्त तो अर्धाच विणून थांबतो, ही गोष्ट खोपे मोजणाऱ्यांच्या वहीत येत नाही.

नर गवताच्या नाहीतर शिंदीच्या पानांच्या पट्ट्या सोलून आणतो, फांदीला गाठी मारतो आणि खालून उघडी अशी टोपी विणतो. टोपीला मधोमध एक आडवी पट्टी असते. तिच्यावर लटकून, पंख फडफडवून तो माद्यांना बोलावतो. इथे काम थांबलेलं असतं. माद्या येतात, टोपीत शिरून विणकाम तपासतात, बहुतेकदा निघून जातात. एखादीने पत्करली तरच नर पुढे विणतो: पट्टीच्या एका अंगाला अंड्यांची खोली, दुसऱ्या अंगाला खाली उतरणारी नळी. नाकारलेली टोपी तो सोडून देतो किंवा उसवतो. पत्करलेल्या खोप्यात मादीचं बस्तान बसलं, की हा गडी त्याच झाडावर दुसरी टोपी घेऊन पुन्हा माद्यांना बोलवायला मोकळा. १९३० च्या सुमारास पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी अलिबागजवळच्या किहीमला एका वसाहतीवर नजर ठेवून हा सगळा क्रम उलगडला. त्याला आता शंभर वर्षं होत आली, तरी आपण अजून जोड्या मोजतोय.

समजा झाडावर ३० खोपे आहेत. त्यातले ४ काळपट, विरलेले, गेल्या वर्षीचे. १० टोपीवरच अडकलेले. उरले १६, नळी उतरलेले. म्हणजे विणी, अर्थात अंडी-पिल्लांचे डाव, फार तर १६. ‘फार तर’ अशासाठी, की नळी झाली म्हणजे अंडी घातली गेलीच असं नाही. आणि या १६ विणींमागे नर किती? सहाही असतील, दहाही असतील; झाडाखाली उभं राहून ते सांगता येत नाही, कारण एकेका नराचे दोन-तीन खोपे असू शकतात. म्हणून ‘जोड्या’ हा रकानाच वहीतून काढून टाका. सुगरणीच्या वसाहतीत त्या रकान्याला काही अर्थ नाही.

वीण खरंच सुरू आहे का, हे खोप्यात न डोकावता कळतं, फक्त नजर नळीच्या तोंडावर ठेवायची. मादी आत शिरून बराच वेळ बाहेर येत नसेल तर ती बहुधा अंड्यांवर बसली आहे. उबवण्याचं काम तिचं एकटीचं. पुढे ती चोचीत अळ्या, किडे घेऊन वारंवार आत जाऊ लागली, की पिल्लं बाहेर आली समजा. अंडी उबायला साधारण १४ ते १७ दिवस, पिल्लं उडायला पुढे जवळपास तितकेच. बसायला लागल्यापासून महिनाभराचा हिशोब धरा. विसाव्या दिवशी खोपा शांत दिसला आणि वहीत ‘पिल्लं उडाली’ असं लिहिलंत, तर ती नोंद चुकली. ती वीण बहुधा फसली. ‘रिकामा’ एवढंच लिहून तारीख टाका, हिशोब नंतर करता येतो.

यासाठी झाडाचं एक ओबडधोबड चित्र काढायचं आणि प्रत्येक खोप्याला त्यावर क्रमांक द्यायचा. फांदीला रंग नको, चिठ्ठ्या नकोत, खिळे तर नकोतच. आठवड्यातून एकदा, त्याच जागी उभं राहून प्रत्येक क्रमांकापुढे एकच शब्द लिहायचा: टोपी, नळी, बसलेली, चारा, रिकामा, पडला. खोपा पडला की त्याचा क्रमांक बाद. त्याच डहाळीवर नवा सुरू झाला तर त्याला नवा क्रमांक. जुना पुन्हा वापरला की दोन विणींची एक होऊन बसते. जुन्या खोप्याच्या बुडाला नवा जोडलेला दिसला, तर तोही वेगळा धरायचा.

झाडाखाली पडलेल्या खोप्यांवरून ‘वाऱ्याने इतकी पिल्लं गेली’ अशी हळहळ करण्याआधी खोपा उलटा करून पाहा. तो टोपीवरच थांबलेला असेल तर त्यात अंडं कधी नव्हतंच. आणि दिवाणखान्यात टांगायला लटकता खोपा कापून नेणाऱ्यांविषयी मी फार बोलत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना छेडणं शिकारीतच मोडतं, एवढं त्यांना वाचून दाखवतो.

हंगाम संपल्यावर सोडून दिलेल्या खोप्यांत मुनिया नावाचे छोटे पक्षी मुक्काम ठोकतात. दसरा-दिवाळीनंतर खोप्यातून पक्षी बाहेर पडताना दिसला तर आधी त्याची चोच आणि रंग नीट बघा, आणि मुनिया निघाली तर सुगरणीच्या पानावर काही लिहू नका.