सिअ‍ॅटलच्या फुटपाथमध्ये काचा कशाला?

उड्डाणपुलाच्या खांबांना कुंड्या टांगल्या की शहर ‘पर्यावरणपूरक’ झालं, अशी आपली सोयीस्कर समजूत. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराच्या किनाऱ्यावरचा फुटपाथ मला म्हणूनच आवडतो. त्यात हिरवं काही नाही, नुसत्या जाड काचा बसवल्यात. त्याही माणसांसाठी नाहीत, खालून पोहत जाणाऱ्या माशांसाठी आहेत.

तिथली जुनी समुद्रभिंत किड्यांनी लाकूड पोखरून आणि २००१च्या भूकंपाने खिळखिळी केली होती. २०१३मध्ये नवी बांधायला घेतली, तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांचं निरीक्षण आराखड्यात उतरलं. चिनूक जातीच्या सॅमन माशांची बोटभर पिल्लं नदीतून समुद्रात उतरली की किनाऱ्याच्या उथळ पाण्यातून पुढे सरकतात. वाटेत धक्क्याची सावली आली की तिच्या काठाशीच थबकतात.

का? भर दुपारी उन्हातून माजघरात शिरलो की क्षणभर काही दिसत नाही. मग डोळ्याची बाहुली मोठी होते आणि सावरायला लागतो. बहुतेक माशांची बाहुली लहानमोठी होतच नाही. त्यांच्या दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, पेशीच जागा बदलतात! उजेडात शंकूपेशी (भरपूर उजेडात बघणाऱ्या) प्रकाशाच्या बाजूला सरकतात आणि दंडपेशी (अंधुक उजेडात बघणाऱ्या) मागे, काळ्या रंगद्रव्याच्या आड दडतात. अंधारात रंगद्रव्य मागे हटतं, दंडपेशी पुढे येतात, शंकूपेशी मागे जातात. या अदलाबदलीला अर्धा-पाऊण तासही लागू शकतो. तेवढा वेळ पिल्लू जवळजवळ आंधळं. त्यामुळे सावलीत शिरायचं नाही, हा त्याचा हिशेब चुकीचा नाही. पण धक्क्याला वळसा घालायचा तर खोल पाण्यात जावं लागतं, आणि तिथे खाणारे मोठे मासे असतात.

काचा त्यासाठी आहेत. पाण्यावर पुढे आलेल्या फुटपाथमधून उजेड खाली झिरपतो. तळाशी दगड रचून पाणी उथळ केलंय. भिंतही गुळगुळीत न ठेवता खाचाखोचांची केलीय, म्हणजे तिच्यावर शेवाळ धरेल आणि पिल्लांचं खाद्य असलेले बारीक कवचधारी जीव तिथे वाढतील.

बहुतेक मोठ्या धक्क्यांखाली मात्र अजून अंधारच आहे. उजळलीय ती भिंतीलगतची चिंचोळी पट्टी.