काळी मिरी (सुगंधनिर्मितीतील घटक)

मिरवेलीच्या वाळवलेल्या फळांपासून काढलेले बाष्पनशील तेल व अर्क हे परफ्यूम, कोलोन, साबण आणि आफ्टरशेव्ह यांच्या सुगंधात वापरले जातात. वेलीचे शास्त्रीय नाव पायपर नायग्रम, कुल पायपरेसी. नागवेल आणि कंकोळ ही तिची जवळची भावंडे. वेल मूळची पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातली. मसाला आणि औषध म्हणून मिरीचा व्यापार दोन हजार वर्षांहून जुना आहे. सुगंधद्रव्य म्हणून तिला मान मिळाला तो मात्र विसाव्या शतकात. आज पुरुषांसाठीच्या परफ्यूमच्या वर्णनात ‘ब्लॅक पेपर’ सर्रास वाचायला मिळते. त्यावरून तिखट, नाकात जाणाऱ्या वासाची अपेक्षा धरणाऱ्याची निराशा होते, कारण मिरीचा तिखटपणा तेलात उतरतच नाही.

वेलीपासून तेलापर्यंत

मिरवेलीला पावसाळ्याच्या सुरुवातीला तुरे येतात आणि हिवाळ्यात घोस तयार होतात. घोसातला एखाद-दुसरा दाणा पिवळट-तांबडा झाला की अख्खा घोस तोडतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आणि गोव्यात नारळी-पोफळीच्या बागांत आंतरपीक म्हणून मिरी असते. तिथे दाणे घोसापासून सोडवून टोपलीत किंवा फडक्यात बांधतात, मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवतात आणि मग उन्हात पसरतात. त्या एका बुडीने साल लवकर व सारखी काळी पडते. हा काळा रंग सालीतल्या विकरांच्या क्रियेतून येतो. ओल्या मिरीच्या साधारण एक-तृतीयांश वजनाची काळी मिरी हाती लागते.

स्वयंपाकघराला टपोरा, भरीव दाणा लागतो. तेलवाल्याची आवड वेगळी. बाष्पनशील तेल मुख्यतः दाण्याच्या बाहेरच्या आवरणात असते, आणि दाणा पुरता भरण्याआधी त्याचे प्रमाण जास्त असते. म्हणून बाजारात हलका ठरलेला, कोवळा, सुरकुतलेला माल तेलाच्या कारखान्यात चालतो, किंबहुना बरा पडतो. केरळात कोचीच्या आसपास मसाल्यांचे तेल आणि ओलिओरेझिन (विद्रावकाने काढलेला, तेल व राळ एकत्र असलेला दाट अर्क) काढण्याचा मोठा उद्योग आहे. मिरीच्या उत्पादनात व्हिएतनाम जगात पहिला असला, तरी अर्क काढण्यात केरळचा हात अजून बसलेला आहे. फ्रेंच सुगंधकारांच्या कपाटात मादागास्करच्या मिरीचे तेलही हमखास असते.

तेल काढण्याची नेहमीची रीत वाफेच्या ऊर्ध्वपातनाची. मिरी भरड दळून पात्रात भरतात, खालून वाफ सोडतात, ती थंड करून पाण्यावर तरंगणारे तेल वेगळे करतात. शंभर किलो मिरीतून साधारण दोन-तीन किलो तेल निघते. ते जवळजवळ रंगहीन किंवा किंचित हिरवट असते. त्यात पायनीन, सॅबिनीन, लिमोनीन आणि केरीन ही हलकी टर्पिने (वनस्पतींच्या तेलांतले सुवासिक रेणू) असतात. शिवाय कॅरिओफायलिन हे सेस्क्विटर्पिन, म्हणजे मोठ्या, जड रेणूचे टर्पिन, जे लवंगेच्या तेलातही आढळते. मिरीच्या जातीनुसार, प्रदेशानुसार आणि ऊर्ध्वपातन किती वेळ चालले त्यानुसार ही प्रमाणे बरीच हलतात. त्यामुळे ‘मिरीचे तेल’ म्हणून दोन पुरवठादारांकडून आलेल्या बाटल्यांचा वास सहसा एकसारखा नसतो.

कागदी पट्टीवर ताज्या तेलाचा थेंब घेतला, तर पहिल्या मिनिटाला वास येतो तो टर्पेंटाइन, पाइनची सुई आणि लिंबाची साल यांच्या मधला. नवख्याला यात मिरी ओळखू येत नाही. पाव तासात हा धारदारपणा उडतो आणि कोरडा, लाकडी वास पुढे येतो. तास-दीड तासाने पट्टीवर जे उरते ते लवंगेकडे झुकलेले, मंद लाकूड असते. खलबत्त्यात मिरी कुटताना जो झणका येतो, तो या तिन्ही टप्प्यांत कुठेच पूर्ण सापडत नाही.

तिखट कुठे गेले?

मिरीचा तिखटपणा पायपरीन या अल्कलॉइडचा. डॅनिश शास्त्रज्ञ हान्स क्रिस्टियान ओर्स्टेड यांनी १८१९ मध्ये ते वेगळे काढले. विद्युतप्रवाहाचा चुंबकसूचीवरील परिणाम दाखवणारे ओर्स्टेड ते हेच. पायपरीन वाफेबरोबर उडत नाही, पात्रातल्या चोथ्यातच राहते. मिरीपूड नाकात गेली की शिंक येते, कारण पुडीचे कण नाकाच्या आतल्या मज्जातंतूंना चिथवतात. तेल हुंगून शिंक येत नाही. तिखटपणा हा गंध नाहीच, तो स्पर्शाच्या जातीचा दाह आहे, आणि स्वयंपाकात या दोन गोष्टी इतक्या एकत्र येतात की वासातून दाह वजा झाला की मिरीच हरवल्यासारखी वाटते.

तरीही मिरीला स्वतःचा असा वास आहेच, आणि तो नेमका कशाचा हे कळायला २००८ साल उजाडावे लागले. शोध लागला तो मिरीच्या नव्हे, वाइनच्या निमित्ताने. ऑस्ट्रेलियातल्या शिराझ द्राक्षांच्या काही वाइनना मिरीचा ठळक वास येतो. त्याचे कारण शोधताना तिथल्या वाइन संशोधन संस्थेतील रसायनशास्त्रज्ञ रोटंडोन या रेणूपाशी पोहोचले. मग मिरीतही तोच मिळाला, द्राक्षांपेक्षा कितीतरी पट जास्त. तरीही मिरीत तो किलोमागे एक-दोन मिलिग्रॅमच असतो. पण नाक त्याला विलक्षण जागे आहे: पाण्यात लिटरमागे ८ नॅनोग्रॅम एवढा अंश पुरतो. २५ लाख लिटरच्या जलतरण तलावात २० मिलिग्रॅम टाकले तर हेच प्रमाण येते. गंमत म्हणजे चाचणीतल्या सुमारे एक-पंचमांश लोकांना याच्या कितीतरी पट तीव्र द्रावणातही काहीच वास आला नाही. मिरीच्या परफ्यूमबद्दल दोन माणसांचे एकमत न होण्याचे हे एक साधे, शारीरिक कारण आहे.

रोटंडोन पहिल्यांदा वेगळे काढले गेले होते ते नागरमोथ्याच्या कंदातून, आणि सायपेरस रोटुंडस या त्याच्या शास्त्रीय नावावरूनच रेणूला नाव मिळाले. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा असतो. उटणे भिजवताना येणाऱ्या मातकट वासामागे जी कोरडी, मिरमिरीत किनार जाणवते, तिचा मिरीशी असा थेट रासायनिक संबंध आहे. पाचोली या सुगंधी पानांच्या झुडपाच्या तेलातही हा रेणू थोडा सापडतो. जिव्होदाँ या स्विस कंपनीने पाचोलीच्या तेलाच्या एका भागावर विकरांची प्रक्रिया करून ‘अकिगालावुड’ नावाचे द्रव्य बाजारात आणले. त्यातला मिरीसारखा सूर रोटंडोनमुळेच येतो, म्हणजे वास मिरीचा, पण झुडूप पाचोलीचे.

वाफेने हलके रेणू आधी निघतात आणि रोटंडोनसारखे जड रेणू उशिरा, थोडेच. म्हणून महागड्या परफ्यूममध्ये आता कार्बन डायऑक्साइडने काढलेला अर्क पसंत केला जातो. हा वायू ३१ अंश सेल्सियसच्या वर आणि हवेच्या दाबाच्या सुमारे ७३ पटींपेक्षा जास्त दाबाखाली ठेवला, की द्रवासारखा विद्रावक म्हणून काम करतो. दाब काढला की उडून जातो, मागे विद्रावकाचा अंश राहत नाही. उष्णता कमी लागत असल्याने या अर्काचा वास ताज्या दळलेल्या मिरीच्या बराच जवळ जातो. दाब खूप वाढवला तर पायपरीनही उतरते. सुगंधासाठी ते नको असते, म्हणून दाब बेतानेच ठेवतात.

परफ्यूममधले काम

मिरी सहसा परफ्यूमची नायिका नसते. तिचे मुख्य काम सुरुवातीच्या लिंबूवर्गी वासाला कोरडी धार देणे आणि त्याला खालच्या लाकडी वासांशी जोडून देणे. बर्गमॉट किंवा ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गी फळांमधले लिमोनीन मिरीतही असते, आणि देवदार-वाळ्याचा कोरडेपणा तिच्या जड रेणूंशी जुळतो. गुलाबात किंचित मिरी घातली तर त्याचा मुरंब्यासारखा गोडवा कमी होतो. फिलिपाइन्समधला एलेमी राळेचा अर्क मिरी-लिंबाच्या वासाचा असतो. तो मिरीचा परिणाम वाढवायला किंवा स्वस्तात उभा करायला वापरतात.

जुनी जोडी म्हणजे मिरी आणि कार्नेशन. कार्नेशनच्या फुलाचा वास युजेनॉल या लवंगेच्या मुख्य गंधरेणूवर उभा राहतो, त्याला मिरीची धार दिली की फूल जिवंत वाटते. पॅरिसच्या कारों या घराण्याने १९५४ मध्ये काढलेले ‘प्वाव्र’ हे मिशेल मोर्सेटी यांचे परफ्यूम नावानेच मिरी सांगत होते, पण आतून ते लवंग-कार्नेशनचे होते. पुढे युजेनॉल आणि विशेषतः त्याचा जवळचा रेणू आयसोयुजेनॉल यांच्यावर त्वचेच्या ॲलर्जीमुळे मर्यादा आल्या आणि ही शैली मागे पडली.

त्यानंतरची मिरी फुलांपासून तुटून लाकूड-दगडाकडे गेली, आणि याचे श्रेय बरेचसे फ्रेंच सुगंधकार जाँ-क्लोद एलेना यांना द्यावे लागते. एर्मेससाठी त्यांनी २००४ मध्ये ‘प्वाव्र समरकंद’ केले, जिथे मिरी पातळ, पारदर्शक लाकडावर ठेवली आहे. २००६ च्या ‘तेर द’एर्मेस’मध्ये संत्रे-ग्रेपफ्रूट, मिरी, गारगोटीचा आभास आणि वाळा असा क्रम लागतो. मिरी वापरण्याचा मोजकेपणा शिकायचा तर हे परफ्यूम आजही सर्वांत उपयोगी उदाहरण आहे. त्यात ती वेगळी काढून दाखवता येत नाही; पण तिच्याशिवाय फळ आणि लाकूड सुटे पडले असते. उलट टोक म्हणजे मार्क जेकब्सचे २०१० चे ‘बँग’: काळी, पांढरी आणि गुलाबी अशा तिन्ही मिऱ्या एकदम.

भारतीय अत्तरपरंपरेत मिरीला अशी जागा नव्हती. कनौजच्या देग-भपक्यात (अत्तर काढण्याच्या तांब्याच्या पारंपरिक भांड्यांत) गुलाब, केवडा, मोगरा, वाळा आणि पावसाळी मातीचा वास चंदनतेलात उतरवला जातो. मिरी आपल्याकडे त्रिकटूत, रश्शात आणि काढ्यात राहिली. नाकाशी तिचा जुना संबंध सापडतो तो इजिप्तमध्ये: इसवी सन पूर्व १२१३ मध्ये वारलेल्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांत मिरीचे दाणे मिळाले. ते सुवासासाठी नव्हे, देह टिकवण्याच्या विधीचा भाग म्हणून घातलेले होते.

इतर ‘मिऱ्या’

पांढरी मिरी त्याच वेलीची. पिकलेले दाणे पाण्यात कुजवून साल काढतात. साल गेली की तेलाचा मोठा भाग जातो आणि कुजण्यातून गोठ्यासारखा वास येतो. काही सुगंधकार तो मुद्दाम वापरतात. गुलाबी मिरी मुळात मिरीच नव्हे. ती आंबा-काजूच्या कुलातल्या दक्षिण अमेरिकी झाडाची फळे. तिचा वास गोडसर, फळासारखा, आणि १९९० च्या दशकापासून तिने परफ्यूममध्ये काळ्या मिरीपेक्षाही जास्त जागा पटकावली आहे. सिचुआन मिरी लिंबाच्या कुलातली, म्हणजे बांगड्याच्या आमटीत पडणाऱ्या आपल्या तिरफळाची सख्खी बहीण. तिरफळाच्या सालीचा लिंबू-लाकडी वास पाहता ते अजून एखाद्या मोठ्या परफ्यूमचे भांडवल कसे झाले नाही, याचे नवल वाटते.

शुद्धता आणि साठवण

मिरीचे तेल महाग, आणि त्यातले घटक सुटे स्वस्तात मिळतात, त्यामुळे भेसळ सोपी. संत्र्याच्या सालीतले लिमोनीन, टर्पेंटाइनमधले पायनीन आणि लवंगेतले कॅरिओफायलिन एकत्र केले तर कागदावर प्रमाणे जुळतात. अशी भेसळ पकडायला रेणूंच्या डाव्या-उजव्या (आरशातल्या प्रतिबिंबासारख्या) रूपांचे प्रमाण तपासणारी गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी लागते, कारण ते प्रमाण वनस्पतीगणिक वेगळे असते.

उघड्या बाटलीत तेल लवकर बिघडते. हवेशी संयोग होऊन टर्पिनांची हायड्रोपेरॉक्साइडे बनतात. वास रंगाच्या डब्यासारखा होतो आणि त्वचेवर ॲलर्जीचा धोका वाढतो. ताज्या तेलापेक्षा हे जुने तेलच अधिक त्रासदायक ठरते. म्हणून ते गडद काचेत, काठोकाठ भरून, थंड जागी ठेवतात आणि परफ्यूममध्ये ऑक्सिडीकरणरोधक घालतात. युरोपीय संघात लिमोनीनचे नाव वेष्टनावर छापणे २००३ च्या नियमांपासून ठराविक प्रमाणापुढे बंधनकारक आहे. २०२३ मध्ये ही यादी ऐंशीच्या पुढे गेली आणि त्यात पायनीन व कॅरिओफायलिनही आले.