करंट आला आणि लॅन-वॅनची अदलाबदल झाली

गळीत हंगामात चिकोडीकडच्या साखर कारखान्यांच्या गेटवर ट्रॅक्टरांची रांग लागते. टोकन मिळतं ते आल्या क्रमानं: आज ५, उद्या ४०. ट्रॅक्टरची केए २३ ची नंबरपाटी मात्र बदलत नाही. लिनक्स या संगणक-प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, नेटवर्क कार्डांना टोकन देतं, पाटी नाही. ज्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) आधी उठला त्याचं नाव इथ०, मागून आलं ते इथ१.

कार्ड एकच असेल तर काही अडत नाही. पण जुन्या पीसीवर अल्पाइन हे छोटेखानी लिनक्स टाकून, एक बोर्डवरचं आणि एक यूएसबीचं अशा दोन कार्डांवर ऑफिसचा राउटर केला, की पंचाईत: एक कार्ड लॅन म्हणजे ऑफिसच्या आतल्या बाजूचं, दुसरं वॅन म्हणजे बाहेरच्या इंटरनेटचं. खानापूर भागात पावसाळ्यात करंट गेला-आला की मशीन नव्यानं उठतं, आणि यूएसबी कार्ड कधी लवकर सापडतं, कधी उशिरा. नावं उलटली की फायरवॉलचे, म्हणजे ये-जा अडवणाऱ्या पहारेकऱ्याचे, आतले नियम बाहेरच्या तारेला लागतात. ऑफिसच्या मशिनांना नेटवर्कचे पत्ते वाटणारं डीएचसीपी इंटरनेटवाल्याच्याच बाजूला ते वाटत बसतं.

मोठ्या लिनक्समध्ये मशीन उठवणारं सिस्टमडी २०१३ पासून कार्डाच्या जागेवरून नाव ठरवतं. अल्पाइनमध्ये साधारणपणे बिझीबॉक्स या छोट्या हत्यारांच्या पेटीतला चिमुकला एमडेव्ह असतो, सापडलेल्या उपकरणांची व्यवस्था लावणारा. त्याच्या जोडीला कार्डाचं नाव बदलणारं नेमइफ आहे, तेवढं पुरतं.

काम मशीनसमोर बसूनच करा. एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कवरून लांबून, केलंत तर बसलेली फांदी तुटेल. आधी कुठलं कार्ड कुठलं ते ओळखा: दोन्ही चालू ठेवून एक तार उपसा आणि ‘आयपी लिंक’ या कमांडमध्ये ‘नो-कॅरिअर’ (तार जोडलेली नाही) कुणापुढे येतं ते पाहा. तिथेच मॅक पत्ता, म्हणजे कार्डाची स्वतःची ओळख, दिसतो: कोलननं जोडलेल्या सहा जोड्या. पहिल्या जोडीतला दुसरा अंक २, ६, ए किंवा ई असेल तर सावध: तो कारखान्यातून आलेला पत्ता नव्हे. काही स्वस्त यूएसबी कार्डं दर वेळी नवाच पत्ता घेतात. अशांना पाटी ठोकता येत नाही, कार्डच बदला.

मग इटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या मॅकटॅब फाइलमध्ये दर कार्डाला एक ओळ लिहा: नाव, जागा सोडून मॅक. नाव लॅन०, वॅन० असं नवंच द्या, १५ अक्षरांच्या आत. इथ० ला इथ१ करायला गेलात तर ते नाव आधीच घेतलेलं असतं आणि नेमइफ अडतं. एमडेव्हच्या कॉन्फिग फाइलमध्ये नेट-उपकरणासाठी नेमइफ चालवणारी ओळ आहे ना ते बघा, नसेल तर घाला. नाव नेटवर्क सेवेच्या आधीच बदलायला हवं, कारण जुन्या कर्नलवर चालू कार्डाचं नाव बदलत नाही. कार्डांची सेटिंग असलेली इंटरफेसेस फाइल, फायरवॉल, डीएचसीपी, तिन्हीकडे नवी नावं लिहा. एक जागा हमखास राहते, बहुधा डीएचसीपीची.

अल्पाइन पेनड्राइव्हवरून डिस्कलेस, म्हणजे सगळं रॅममध्ये ठेवून, चालत असेल तर बदल जपून ठेवणारी ‘एलबीयू कमिट’ ही कमांड विसरू नका. नाहीतर सगळी मेहनत रॅमसोबत पुसली जाईल. नंतर तीन-चारदा रीबूट करा, त्यात एकदा यूएसबी कार्ड काढून.

वळवाच्या विजेनं कार्ड जळालं तर नव्याचा मॅक वेगळा. ते इथ०सारख्या जुन्याच नावानं उठेल आणि लॅन० सापडणारच नाही. म्हणून राखीव कार्डाचा मॅक चिकटपट्टीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लावून ठेवा.