एका कराराने वळवलेलं क्रुसेड

जेरुसलेम मुसलमानांकडून परत घ्यायला निघालेल्या ख्रिस्ती सैन्याने १२०४ साली कॉन्स्टँटिनोपल हे बायझंटाइन साम्राज्याच्या राजधानीचं ख्रिस्ती शहरच लुटलं. चौथ्या क्रुसेडच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाच्या, या शेवटाची कारणं सांगताना लोभ आणि कटकारस्थानं यांचीच चर्चा जास्त होते. मला त्याचं मूळ १२०१च्या एका करारात दिसतं.

समुद्रमार्गे जायचं तर जहाजं हवीत. म्हणून फ्रेंच सरदारांचे सहा दूत व्हेनिसला गेले. तिथला वयोवृद्ध, दृष्टी गेलेला प्रमुख एन्रिको दांदोलो याच्याशी सौदा ठरला: माणशी २ मार्क (चांदी मोजायचं तेव्हाचं माप), घोड्यामागे ४ मार्क. ४,५०० सरदार, ९,००० मदतनीस आणि २०,००० पायदळ मिळून ३३,५०० माणसं, शिवाय ४,५०० घोडे. एकूण ८५,००० मार्क चांदी. त्यात वर्षभराचं धान्य, पीठ, कडधान्य, दारू आणि घोड्यांचा दाणाही आला. घोड्यांसाठी खास जहाजं होती. त्यांचा दरवाजा किनाऱ्यावर उघडला की घोडे थेट बाहेर काढता येत. व्हेनिसने आपला व्यापार बाजूला सारून हे आरमार उभं केलं.

मेख होती ती माणसांच्या आकड्यात. दूतांनी तो अंदाजाने दिला होता आणि इतरांना व्हेनिसहूनच निघायची सक्ती करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. १२०२च्या उन्हाळ्यात जेमतेम एक तृतीयांश लोक जमले. बरेच जण मार्सेयसारख्या दुसऱ्या बंदरांतून परस्पर निघून गेले. सरदारांनी सोन्याचांदीची भांडीसुद्धा दिली, तरी ३४,००० मार्क कमी पडले.

हे सगळे लुटीच्या आशेने घर सोडून आले होते, असं मला वाटत नाही. क्रुसेडला जाण्यासाठी अनेकांनी मठांकडे जमिनी गहाण टाकल्या किंवा विकल्या, त्याचे दस्तऐवज आजही आहेत. पापांतून मुक्ती मिळेल हे पोपचं आश्वासन त्यांना खरं वाटत होतं, आणि ते आपण खरं मानल्याशिवाय ही माणसं समजणार नाहीत.

पण कर्ज तर होतंच. ते फेडायला मुदत हवी, तर झारा हे एड्रियाटिक किनाऱ्यावरचं बंदर जिंकून द्या, असं व्हेनिसने सांगितलं. झाराही ख्रिस्तीच, पोप तिसऱ्या इनोसंटची मनाई होती. तरी नोव्हेंबर १२०२मध्ये ते पडलं. मग बायझंटाइन राजपुत्र अ‍ॅलेक्सियस आला: मला गादी मिळवून द्या, २,००,००० मार्क देतो. कर्जात बुडालेल्या सैन्याला हा सौदा नाकारणं फार कठीण होतं. काही जण विरोध करून सोडून गेले, बाकीचे कॉन्स्टँटिनोपलकडे वळले. राजपुत्राला गादी मिळाली, पण कबूल केलेली रक्कम तो पुरी देऊ शकला नाही, आणि शेवट १२०४च्या लुटीत झाला.