रुंद पट्ट्यातली शांतता: नॉइजला पुरून उरणाऱ्या मॉड्युलेशनची पार्श्वभूमी

१९२०च्या दशकात रेडिओ अभियंत्यांचं एका बाबतीत जवळपास एकमत होतं: खरखर कमी हवी असेल तर फ्रिक्वेन्सींचा पट्टा अरुंद ठेवा. तर्क सरळ होता. नॉइज, म्हणजे ही खरखर, सगळ्या फ्रिक्वेन्सींवर पसरलेला असतो, तेव्हा रिसीव्हर जितका रुंद पट्टा ऐकेल तितका तो जास्त आत येणार. १९२८ मध्ये बेल लॅब्जमधले जॉन्सन आणि एटी अँड टी कंपनीतले नायक्विस्ट यांनी या समजुतीला भक्कम आधारही दिला. सर्किटमधले इलेक्ट्रॉन उष्णतेने हलतात, त्यातून नॉइज निर्माण होतो आणि त्याची शक्ती तापमान व बँडविड्थ (पट्ट्याची रुंदी) या दोन्हींच्या प्रमाणात वाढते.

तेव्हाचं प्रसारण एएमवर चाले. आवाजाच्या चढउताराप्रमाणे वाहक लहरीचा (आवाज वाहून नेणाऱ्या रेडिओ लहरीचा) आयाम, म्हणजे उंची, बदलायचा; लहरीत असा बदल करण्यालाच मॉड्युलेशन म्हणतात. वीज कडाडली की तिचा तडाखाही आयामालाच बसे, आणि यातला आवाज कुठला व वीज कुठली हे रिसीव्हरला कळायची सोय नव्हती. आयामाऐवजी फ्रिक्वेन्सी बदलायची कल्पना लोकांना सुचली होती, पण तीही पट्टा आणखी अरुंद करता येईल या आशेने. १९२२ मध्ये अभियंते जॉन कार्सन यांनी ती आशा गणिताने मोडीत काढली: या पद्धतीला, म्हणजे एफएमला, एएमपेक्षा कमी पट्टा पुरणं शक्यच नाही. गणित बिनचूक होतं. त्यावरून ‘म्हणजे एफएमचा काही उपयोग नाही’ असं जे ठरवलं गेलं, ते मात्र चुकलं.

अमेरिकी अभियंते एडविन आर्मस्ट्राँग यांनी पट्टा मुद्दाम रुंद केला. डिसेंबर १९३३ मध्ये त्यांना एफएमची पेटंटं मिळाली आणि नोव्हेंबर १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अभियंत्यांसमोर प्रात्यक्षिक झालं. ग्लासात पाणी ओतल्याचा, कागद चुरगळल्याचा आवाजही स्वच्छ ऐकू आला. एफएम शांत का, याचं नेहमी दिलं जाणारं कारण अर्धंच आहे. रिसीव्हर आयामातली गडबड कापून टाकतो हे खरं, पण नॉइज लहरीची फेजही (लहर तिच्या आवर्तनात कुठे आहे ते) हलवतो आणि ती कापता येत नाही. तिथे उपयोगी पडते ती रुंदी. आवाजासाठी फ्रिक्वेन्सी मोठ्या पल्ल्यात हलवली, की नॉइजने केलेली हालचाल तिच्यापुढे नगण्य ठरते. पुढे एफएम प्रसारणात हा पल्ला दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झ ठरला. अरुंद एफएममध्ये हा फायदा जवळपास नाहीच.

सौद्याला अटही होती. सिग्नल एका पातळीखाली गेला की एफएम हळूहळू बिघडत नाही, एकदम कोसळतं.

रुंदी देऊन शांतता मिळते, पण किती दिली की किती मिळावी? याचं उत्तर अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दिलं. ठरावीक बँडविड्थ आणि सिग्नल-नॉइजचं ठरावीक गुणोत्तर असेल, तर माहितीच्या वेगाला एक कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत राहून चुका हव्या तितक्या कमी करता येतात. त्याआधी वर्षभर मॉस्कोत व्लादिमीर कोतेलनिकोव्ह यांनी आपल्या प्रबंधात सिग्नलांकडे भूमितीतले बिंदू म्हणून पाहिलं होतं. दोन बिंदूंमधलं अंतर जितकं जास्त, तितकी नॉइजमुळे एकाच्या जागी दुसरा समजला जाण्याची शक्यता कमी. माझ्या मते डिजिटल मॉड्युलेशनचं डिझाइन खऱ्या अर्थाने इथे सुरू होतं, कारण आता प्रश्न हे बिंदू, म्हणजे ठिपके, कुठे मांडायचे एवढाच उरला.

बीपीएसके या सर्वात साध्या पद्धतीत दोनच ठिपके, एकमेकांच्या समोर. क्वाम (QAM) पद्धतीत आयाम आणि फेज दोन्ही बदलून १६, ६४, २५६ ठिपक्यांची जाळी मांडता येते. मात्र दर दोन जादा बिटांसाठी, ठिपक्यांमधलं अंतर तेवढंच राखायचं तर, साधारण चौपट शक्ती लागते. म्हणूनच फोन आणि राउटर सिग्नल कमजोर झाला की कमी ठिपक्यांवर उतरतात.

आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेतल्या गॉटफ्रीड उंगरबोक यांनी १९८२ मध्ये जे प्रसिद्ध केलं, ते पहिल्यांदा वाचताना उलटंच वाटतं. त्यांनी ठिपके दुप्पट केले, म्हणजे ते आणखी जवळ आले. पण कोणत्या ठिपक्यानंतर कोणता येऊ शकतो यावर बंधन घातलं; या बंधनालाच कोड म्हणतात. त्यामुळे सुट्या ठिपक्यांऐवजी पूर्ण क्रमांमधलं अंतर मोजायचं आणि ते वाढलेलं निघतं. बँडविड्थ तीच, शक्ती तीच, तरी साध्या कोडनेही सुमारे ३ डेसिबलचा लाभ. आता किंमत रिसीव्हरमधल्या आकडेमोडीत मोजायची होती आणि चिप तर स्वस्त होत चालल्या होत्या. टेलिफोनवरच्या सेकंदाला ९६०० बिट वेगाच्या मोडेमने ३२ ठिपके वापरून हेच केलं.

बिनतारी मार्गात नॉइजखेरीज प्रतिध्वनींचाही त्रास असतो. भिंतींवरून उशिरा परतलेली लहर पुढच्या चिन्हावर (पुढे पाठवलेल्या ठिपक्यावर) चढते. त्यावर ओएफडीएम या पद्धतीचा उपाय म्हणजे एक वेगवान प्रवाह अनेक संथ उपवाहकांवर, म्हणजे शेजारशेजारच्या वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींच्या लहरींवर, वाटून टाकणं. त्यावरचा रॉबर्ट चँग यांचा शोधनिबंध १९६६चा, पण १९९९च्या ८०२.११ए वायफायमध्ये ५२ उपवाहक घेऊन तो घरोघर पोचायला तीन दशकं लागली.

१९९३ मध्ये जिनिव्हातल्या परिषदेत चुका दुरुस्त करणारे टर्बो कोड सादर झाले आणि शॅननची मर्यादा गाठायला डेसिबलच्या अंशाइतकंच अंतर उरलं. मग नजर पुन्हा ठिपक्यांकडे वळली. समान अंतराची चौकोनी जाळी आदर्श मांडणीपेक्षा जास्तीत जास्त १.५३ डेसिबलने मागे राहते. दक्षिण कोरियात २०१७ मध्ये सुरू झालेल्या एटीएससी ३.० टीव्ही प्रसारणाच्या मानकात तेवढ्यासाठीच असमान अंतरावरचे ठिपके घेतले आहेत.